तिसऱ्या मजल्यावरचा वास

बंबवाले तिसऱ्यांदा काही न सापडता परत गेले, तेव्हा डेस पापासचं टाळकं सटकलं. विद्यापीठाच्या त्या इमारतीची देखभाल त्याच्याकडे होती. ॲडलेडच्या भर उन्हाळ्यात सगळी माणसं बाहेर हिरवळीवर घाम पुसत उभी, आणि कारण काय, तर वर तिसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत इमोजेनने पुन्हा ती बाटली उघडली होती.

इमोजेन पीएच.डी.च्या शेवटाला आली होती. अर्धवाहकाचा, म्हणजे सेमीकंडक्टरचा, एका रेणूइतका पातळ पापुद्रा घ्यायचा, त्यात जिथे गंधकाचा अणू गळालेला असेल तिथे थायॉल नावाचं रसायन नेऊन बसवायचं, हे तिचं काम. नीट बसलं की पापुद्रा जास्त चमकतो. पण थायॉलला वास असा, की जेवलेलं वर यावं. गॅस गळला तर कळावा म्हणून त्यात जे मिसळतात, तेही याच भावकीतलं. एक थेंब निसटला की खालचे लोक गॅस गॅस करत बंबाला फोन लावत.

तिला स्वतःला तो वास येईनासा झाला होता. कोळणीला मासळीचा येत नाही, तसंच.

शेवटी डेसने फर्मान काढलं. वास आला तर बंबाला नाही, मला कळवायचं. इमोजेनला त्याने वेगळं बजावलं, की आणखी एक तक्रार आली तर तुझ्या खोलीला कुलूप. तिचे शेवटचे नमुने राहिले होते. कुलूप लागलं असतं तर सगळी वर्षं पाण्यात गेली असती. माफी मागून मागून तीही विटली होती.

गुरुवारी जेवणाच्या वेळी डेसचा फोन वाजत सुटला. तळमजला, पहिला मजला, चहाची खोली, सगळीकडून एकच रड, गॅसचा वास येतोय. कोणी तरी घाबरटाने फर्मान मोडून बंबालाही कळवलं होतं. डेसने बंबवाल्यांना फोन करून सांगितलं, येऊ नका, आमचीच बया आहे ती. मग किल्ल्या घेऊन तो तरातरा जिना चढला.

इमोजेन सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसली होती. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा खुलला होता.

“डेस, ये, बघ. काय चमकतंय!”

“ऊठ. बाहेर हो.”

“का? काय झालं?”

“काय झालं म्हणे. खाली माणसांची डोकी उठलीत. मी कुलूप लावतोय.”

“आज नको रे. एवढा एकच नमुना राहिलाय.”

“तुझा एकच कधी संपत नाही. ती बाटली दे आधी.”

“थायॉलची?” इमोजेन त्याच्याकडे बघतच राहिली. “ती सोमवारीच इमारतीबाहेर गेली. तुझ्या कटकटीला कंटाळून मी रसायनच बदललं, डेस. या नव्याला वासच नाही.”