गाद्यांच्या आड

गादीवाल्याच्या बायकोचं पहिलं पुस्तक छापून आलं आणि ती त्याबद्दल बोलायला मोठमोठे पॉडकास्ट शोधू लागली. गादीवाला टाके घालताना दिवसभर ते पॉडकास्ट ऐकायचा. "हा नको, पाहुण्याचं वाक्य तोडतो," तो म्हणाला. "ही बाई बघ. समोरचा अडखळला की थांबते." त्या बाईने होकार दिला. मुलाखत फोनवर ठरली. पण दुकानामागच्या खोलीत हॉर्नचा नुसता कलकलाट. त्याने दुकानातल्या साऱ्या गाद्या भिंतींना उभ्या लावल्या, बायकोला मधोमध बसवलं आणि बाहेर राखणीला उभा राहिला. तेवढ्यात गिऱ्हाईक टपकलं. "आमची गादी झाली? वहिनींनी आजचा वायदा केलाय. बोलवा त्यांना!" आतून तिचा आवाज आला. आधी अडखळला, मग धावदोऱ्यासारखा सरळ निघाला. त्याने ओठांवर बोट ठेवलं. "तुमची गादी कामात आहे," तो छाती फुगवून कुजबुजला. "तिच्याआड आमच्या लेखिका बोलतायत."