दोन मडकी

मोमिनाबादच्या हकिमानं दोन मडक्यांत गहू पेरून दिले होते. एक मैनाबाईचं, एक तिच्या नवऱ्याचं, रामजीचं. रोज सकाळी ज्यानं त्यानं आपलं मूत आपल्या मडक्यात ओतायचं. ज्याचे गहू उगवणार नाहीत, खोट त्याच्यात. मुलासाठी बारा वर्षं काढे पिऊन शिणलेली मैनाबाई तेही करत राहिली.

नवव्या दिवशी रामजीचे गहू घटातल्या धानासारखे वीतभर झाले. तिच्या मडक्यात नुसती माती.

"लई शिणलीस. दे फेकून ते," रामजी दारातूनच म्हणाला आणि शेताकडे गेला.

मडकं उपडं करायला तिनं मातीवर तळवा धरला. माती कोमट होती. तळव्याखाली काहीतरी हळूहळू वर येत होतं, खाली जात होतं, तान्ह्याची टाळू उडावी तसं.

मैनाबाईनं हात काढला नाही. दुसऱ्या हातानं तिनं कोनाड्यातली तेलाची वाटी खाली घेतली.