डाव्या बाजूचा आरसा

"काच नाही, आतलं काहीतरी सैल झालंय," पप्पा म्हणाले. त्यांनी आरशावर बोटाने टिचकी मारली, कान जवळ नेला आणि पुन्हा मारली. "ऐक. काच सुटली असती तर आवाज कडेने आला असता. हा मधून येतोय."

उत्कर्षाने उजव्या आरशावर टिचकी मारून पाहिली, मग डाव्यावर. फरक होता. बारीक, पण होता. वडिलांच्या या कानांचं तिला लहानपणापासून नवल वाटायचं.

गाडी आता जुनी झाली होती. घेतली तेव्हा मात्र तिचे आरसे बटणाने हलतात हे बघायला कोथरूडच्या त्या सोसायटीतली अर्धी माणसं पार्किंगमध्ये उतरली होती. पाटबंधारे खात्यातले अभियंते संपतराव, म्हणजे उत्कर्षाचे पप्पा, धरणाच्या कामावर याच गाडीने जायचे. ड्रायव्हर त्यांनी कधी ठेवला नाही. घाटातल्या अरुंद वळणावर समोर एस.टी. आली की ते एका दमात गाडी मागे घ्यायचे, आणि मागच्या सीटवरच्या उत्कर्षाला जगात यापेक्षा अवघड काही नसेल असं वाटायचं.

वाद आता त्याच गाडीवरून चालला होता. मागच्या महिन्यात तिची डावी बाजू पार्किंगच्या खांबाला घासली. तेव्हापासून अभयदादाने ठरवून टाकलं होतं, की पूर्वा आजोबांच्या गाडीत बसणार नाही. पूर्वा त्याची मुलगी. दर रविवारी संध्याकाळी तिला स्केटिंगच्या क्लासला नेणं, एवढाच एक कार्यक्रम निवृत्तीनंतर पप्पांच्या आठवड्यात उरला होता.

"आरसाच थरथरतो, त्यात खांब दिसणार कसा," पप्पा म्हणाले होते.

"बरोबर आहे. खांबाने निदान हॉर्न तरी द्यायला हवा होता," दादा म्हणाला होता.

पप्पांनी नुसती किल्ली खुंटीला अडकवली, आणि त्यानंतरचे रविवार ते गॅलरीत बसून राहिले. शेवटी उत्कर्षाच मध्ये पडली. आरसा घट्ट झाला की पूर्वा गाडीत बसेल, असं तिने दादाकडून कबूल करून घेतलं. आज रविवार होता, क्लास पाचला. ती आणि पप्पा जेवण उरकून खाली उतरले होते.

पप्पांची पद्धत साइटवरचीच होती. काय दिसतंय ते तिने सांगायचं, काय करायचं ते त्यांनी. काचेमागच्या प्लास्टिकच्या खुंट्या थंड असताना चटकन मोडतात, म्हणून त्यांनी तिला गाडी आधी उन्हात काढायला लावली होती. मग खालच्या कडेला बोटं घालून, घाई न करता काच कशी उचकटायची ते सांगितलं. टक् असा आवाज आला आणि काच अलगद हातात आली. उत्कर्षाने ती फडक्यात गुंडाळून ठेवली.

आत हाताच्या मुठीएवढी मोटार होती. ती धरून ठेवणाऱ्या तीन स्क्रूंपैकी एक जवळजवळ बाहेर आला होता आणि त्याचं भोक झिजून मोठं झालं होतं. तिने तसं सांगितलं. पप्पांनी स्क्रूंच्या डबीत हात घातला, दोन-तीन स्क्रू अंगठ्याखाली फिरवले आणि एक पुढे केला. "हा सूतभर जाड आहे. खाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा घाल, म्हणजे पुन्हा सुटणार नाही."

स्क्रू तिच्या हातून निसटला. ती खाली वाकून शोधू लागली.

"मागच्या चाकापाशी. आतल्या अंगाला," पप्पा म्हणाले. तो तिथेच होता.

शेजारच्या इमारतीतले बाबुराव फिरायला निघाले होते. त्यांनी लांबून हात केला, मग जवळ येऊन "जय भीम, साहेब" म्हणाले. पप्पांनी मान वर न करताच उत्तर दिलं आणि आज इतक्या उन्हात कुठे, असं विचारलं. बाबुराव घटकाभर थांबले. संपतरावांनी हात लावलेली वस्तू पुन्हा दुरुस्तीला येत नाही, असं उत्कर्षाला ऐकवून गेले. तिला ते ऐकून बरं वाटलं.

जाड स्क्रू घट्ट बसला. तिने मोटार हलवून पाहिली, जराही हलली नाही. इतकी साधी गोष्ट, आणि त्यापायी आपल्या बापाला महिनाभर गॅलरीत बसावं लागलं, असं तिच्या मनात आलं. तिला दादाचा थोडा रागही आला.

एवढ्यात जिन्यात चपला वाजल्या. "अभय आला," पप्पा म्हणाले आणि शर्टाला हात पुसत उभे राहिले. दादाबरोबर पूर्वाही होती, पाठीवर स्केट्सची पिशवी घेऊन.

पप्पा ड्रायव्हरच्या सीटवर बसले. त्यांनी सीट पुढे ओढली, पाठ ताठ केली, किल्ली फिरवली. उत्कर्षा डाव्या दाराशी फडकं घेऊन उभी होती. दादा उजव्या खिडकीपाशी जाऊन वाकला. पप्पांनी बटण दाबलं तशी आरशातली मोटार गुणगुणली. कुठे अडखळ नाही की खडखड नाही.

"थोडा बाहेर," पप्पा स्वतःशीच पुटपुटले. "आता किंचित खाली. बस."

"दिसतंय ना नीट?" दादाने विचारलं. या वेळी त्याच्या आवाजात टोमणा नव्हता.

"लख्ख. फाटक दिसतंय, फाटकाजवळची स्कूटर दिसतेय. गाडी नवी होती तेव्हासुद्धा आरसा इतका स्वच्छ नव्हता."

दादा हसला. त्याने मागचं दार उघडून धरलं, आणि पूर्वा उडी मारून आत बसली.

उत्कर्षा जागची हलली नाही. फडक्यात गुंडाळलेली आरशाची काच अजून तिच्याच हातात होती.