बाईंचा शेवटचा प्रश्न

“घर देऊ, विमानाची तिकिटं देऊ. पण तुमच्या पत्नीच्या नोकरीशी कंपनीला काय देणंघेणं?” बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं.

“देणंघेणं आहे,” तो म्हणाला आणि अडखळला. “म्हणजे… असायला हवं.”

“असायला हवं? उपकार मागताय की काय? चला, पुन्हा!”

बाईंनी कपाळाला हात लावला. चष्मा त्याचाच होता, जुना. बाई म्हणजे त्याची बायको होती आणि ही सगळी वाटाघाट जेवणाच्या टेबलावर, ताटं उचलल्यानंतर चालली होती.

तो पंपांचा इंजिनिअर. कंपनीचा नवा कारखाना परदेशात उभा राहत होता आणि काही वर्षांसाठी त्याला तिकडे बोलावणं आलं होतं. एकट्याने जायचं नाही, हे त्याने मनाशी पक्कं केलं होतं. बायकोची नीट सोय करा, नाहीतर दुसरा माणूस बघा, असं एचआरच्या बाईंना तोंडावर सांगायचं होतं. अडचण एवढीच की बिघडलेल्या पंपाशी तो दिवसभर गप्पा मारू शकला असता, पण साहेबलोकांसमोर काही मागायची वेळ आली की त्याची बोबडी वळायची.

तिचं कामच मुळी बोलतं करण्याचं होतं. पक्षाघाताचा झटका येऊन वाचा गेलेली माणसं हॉस्पिटलातल्या तिच्या छोट्याशा खोलीत यायची. तिथे ती कधी दुकानदार व्हायची, कधी बँकेतली कारकून, कधी फोनवरची नात. समोरच्याने पाव मागायचा, पैसे काढायचे, नातीला हाक मारायची. हरवलेली वाचा आधी लहानपणीच्या शब्दांतून परत येते, असा तिचा अनुभव होता, आणि आजोळच्या हाका, आईचं ओरडणं, असले शब्द तिच्याकडे पोत्याने होते. नियम एकच. शब्द कितीही अडला तरी समोरच्याचं वाक्य आपण पूर्ण करायचं नाही. थांबायचं. घरच्यांना नेमकं हेच जमत नाही, असं ती म्हणायची. प्रेमापोटी तेच बोलून मोकळे होतात आणि माणूस मुका तो मुकाच राहतो.

नवऱ्यावर तिने हाच उपाय सुरू केला. चष्मा चढवला की ती एचआरच्या बाई. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच ती त्याला अहोजाहो करत होती आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडतही होतं. बाई म्हणून मात्र ती महाखट होती. भाषेचा वर्ग म्हटलं की “फिरायला जाताय की शिकायला?” काम करायचा परवाना म्हटलं की “तो त्यांचा त्यांनी बघावा.” नोकरी शोधायला मदत करणारा सल्लागार म्हटलं की बाई नुसत्याच हसायच्या. हळूहळू त्याची जीभ सुटली. आवाज कापायचा थांबला.

सरावाच्या शेवटी दररोज एक प्रश्न यायचा. चष्मा काढून बाहीने पुसत पुसत ती विचारायची, “आणि पत्नीला यायचंय का?”

पहिल्यांदा तो खूश होऊन ओरडलाच, “हा भारी आहे! यात मी नक्की अडकलो असतो.” मग त्याने उत्तर घोटून घोटून तयार केलं. “अर्थात! तिची पूर्ण तयारी आहे. तिथली भाषा शिकेल, चार महिन्यांत रुळेल. तिच्यासारखीला काम काय, कुठेही मिळेल.”

“तुझं उत्तर जरा…” ती एकदा म्हणाली.

“लांबतंय ना? कळलं. छाटतो,” तो म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी त्याने ते खरोखर छाटून आणलं.

खऱ्या बाईंना चष्मा नव्हता. खोली थंडगार होती आणि टेबल इतकं चकचकीत, की त्याला त्यात स्वतःची हनुवटी दिसत होती. “तुमच्या पत्नीच्या नोकरीशी कंपनीचा काय संबंध?” बाईंनी विचारलं, आणि त्याला हसू आवरेना.

“ती तिथे रमली नाही तर मी काम अर्धवट टाकून परत येईन. मग तुमचे पंप कोण बसवणार?”

बाई हसल्या. परवाना कबूल झाला, भाषेचा वर्ग झाला, जरा ताणून धरल्यावर सल्लागारही झाला. तो खुर्चीच्या टोकाशी सरकून शेवटच्या प्रश्नाची वाट बघत राहिला. बाईंनी उठून हात पुढे केला. “अभिनंदन. कधी निघताय?”

बाहेर आल्यावर आनंद होताच, पण त्याला उगाच चुकल्याचुकल्यासारखं वाटत होतं.

घरी ती कपड्यांच्या घड्या घालत होती. दारातूनच तो सुरू झाला. “सगळं दिलं! तुझा एकेक प्रश्न जसाच्या तसा आला. फक्त तो शेवटचा, मी एवढा पाठ केलेला, तो त्यांनी विचारलाच नाही गं.”

“कशाला विचारतील?” ती म्हणाली. “तो कंपनीचा नव्हताच.”

तो हसणार होता. मग त्याला चष्मा आठवला. बाकी सगळे प्रश्न नाकावरच्या चष्म्यातून आले होते. या एका प्रश्नाच्या वेळी तो रोज तिच्या हातात होता. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

“म्हणजे तुला…” त्याने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. खुर्ची ओढून तो तिच्यासमोर बसला.

तिने हातातला टॉवेल मांडीवर ठेवला.

“मला…” ती म्हणाली आणि अडली.

तो थांबला.