भूल उतरेपर्यंत

ठमीचा किडलेला दात काढायचा होता. म्हातारी मांजर, त्यात भूल द्यायची, म्हणून मला धाकधूक. ती मात्र उपाशी ठेवल्याच्या रागाने पिंजऱ्यातून माझा उद्धार करत होती.

"तुम्ही बसा निवांत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बाकावर मला मस्त डुलकी लागली.

संध्याकाळपर्यंत सगळं छान पार पडलं. सलाईनसाठी तिच्या पुढच्या पायावरचे केस चौकोनी भादरले होते, एवढंच.

"भूल पूर्ण उतरेपर्यंत शेजारून हलायचं नाही," बाईंनी बजावलं.

घरी येऊन मी सोफ्यावर आडवा झालो. अंग कसं हलकं हलकं वाटत होतं. ठमी माझ्या उशाशी येऊन बसली, ती हलेचना.

"अहो," बायको हसत म्हणाली, "तुमच्या हातावरचे केस असे चौकोनी कुणी भादरले?"