घोरणाऱ्या बायकांत एक जागा

“घोरतात ना?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

“शेजारचे भिंत ठोकतात,” शिंप्याची बायको अभिमानाने म्हणाली.

शिंपी लाजला. घोरण्यावरच्या या संशोधनात पुरुषांचा गट सकाळीच भरला होता. बायकांनी आपापले नवरे जवळजवळ ढकलतच आणून सोडले होते. बायकांच्या गटातली शेवटची जागा मात्र काही केल्या भरत नव्हती. अख्ख्या शहरात आणखी एकही बाई घोरत नाही, असं निष्पन्न होऊ घातलं होतं.

“आधीच सांगून टाकतो,” शिंपी म्हणाला. “मी जन्मलो तेव्हा मुलगी झाली, असा घरच्यांचा समज झाला होता. पुढे मी तो दूर केला. त्याची औषधं चालू आहेत.”

डॉक्टरबाईंचा चेहरा उजळला. “मग बायकांत घालते ना तुम्हाला! पुरुषांत जागाच नाही. आणि हे काय, नुसतं कागदावर.”

“कागदावर पुरुष व्हायलाच तर अर्धं आयुष्य गेलं, डॉक्टर. पुरुष म्हणून घेणार असाल तर थांबतो.”

“अहो, घोरणं ते घोरणं.”

“माझा नवरा पुरुषासारखा घोरतो,” बायकोने ठणकावलं. “बायकांत घालाल तर तुमचंच संशोधन झोपेल.” तिने घरून आणलेली उशी काखोटीला मारली. दोघं दाराकडे वळले.

तेवढ्यात पुरुषांच्या बाकावरून एक वॉचमन उठला. अंगाने आडवा, मिशीची टोकं पिळून वर काढलेली.

“माझी जागा यांना द्या.”

डॉक्टरबाई घाईने पुढे झाल्या. “आता तुम्ही कुठे निघालात?”

“समोरच्या बाकावर.”

शिंपी तोवर रिकाम्या जागेत बसूनही गेला होता. पाय चांगले फाकवून. समोरच्या बायकांनी पर्सा मांडीवर घेतल्या आणि सरकून जागा केली.

“दादा, तो बायकांचा बाक आहे,” डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या.

“माहीत आहे. सकाळी तुम्ही विचारलंच नाही. मिशी बघितली आणि इकडे बसवलंत.” वॉचमनने बसता बसता मिशीला सवयीने पीळ दिला. “मिशी नोकरीची आहे, डॉक्टर. बाई मी पहिल्यापासूनच आहे.”