मेलेला वजीर

"वीबा, तुझ्या प्रोग्रॅममध्ये घोळ आहे." शूर्डने डोळ्यांवरची पट्टी काढली. पट न बघता बुद्धिबळाचा सराव करता यावा म्हणून वीबाने बायकोसाठी, हिंकासाठी, तो लिहिला होता. चाल तोंडाने सांगायची, पट डोक्यात ठेवायचा. "माझा वजीर केव्हाच मेला होता. चुकून त्याचीच चाल सांगितली, तर या शहाण्याने ती चालवून घेतली."

"राहू दे."

"राहू दे काय? एका ओळीचं काम आहे."

"ती ओळ होती. मीच काढली." वीबाने बिस्किटांचा डबा बंद केला. "हिंका आता विसरते रे. मेलेला वजीर हलवायला गेली की प्रोग्रॅम सांगायचा, तो मेला आहे. दर वेळी ती विचारायची, कधी मेला? मला कुणी सांगितलं कसं नाही? आणि रडत बसायची."

"अरे, पण मग हा खेळ कसला?"

"संध्याकाळी सहाला ती तीन ताटं मांडते. तिसऱ्यात मी योरितला बटाटे वाढतो."

शूर्ड पट्टीची घडी घालत राहिला. वीबाच्या त्या एकुलत्या मुलाच्या शवपेटीला त्यानेही खांदा दिला होता.